शिवेवर सोडायचे पट्टे

आमच्या मंजूच्या खुर्चीबद्दल लोक मला अजून विचारतात. मागच्या महिन्यात नाशिकला व्यायामाच्या वर्गात एक तरुण आई भेटली. मुलगा तीन वर्षांचा, मान धरत नव्हता. निफाडहून एसटीने त्याला मांडीवर घेऊन आली होती आणि त्याच्या डोक्याच्या धक्क्यांनी तिचा दंड काळानिळा झाला होता. "ताई, गाडीतून न्यायला तुम्ही कोणती खुर्ची घेतली?" तिने विचारलं. मी तिला लाकूड, पट्टे, स्क्रू, सगळं सांगितलं. पण खुर्ची निवडणं हा त्यातला सोपा भाग होता. अवघड भाग सांगायला वेळ उरला नाही, तिची गाडी सुटत होती. तो इथे लिहिते आहे.

शांत बाळ

माझं माहेर नाशिक रोडचं. वडील सरकारी नोकर, मी मॅट्रिक. लग्न होऊन आले पिंपळगाव बसवंतला, कांदा आणि द्राक्षांच्या व्यापाऱ्याच्या घरात. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना सगळं गाव बाई म्हणतं, मीही बाईच म्हणते. आणीबाणी उठली त्या सुमारास मंजू झाली.

जन्मताना ती रडली नाही. नर्सने पाय धरून उलटी केली, पाठ चोळली, तोंडातून काहीतरी ओढून काढलं, आणि बऱ्याच वेळाने मांजराच्या पिल्लाएवढा आवाज आला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझी आई म्हणाली, "गुणाची आहे, त्रास द्यायची नाही." तेव्हापासून कोणी शांत बाळाचं कौतुक केलं की मी आधी विचारते, जन्मताना रडलं होतं का.

मान धरायची वेळ टळली, बसायची टळली. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा शिकतात. पिंपळगावात तर प्रत्येकाकडे एक उशिरा चाललेला पुतण्या निघाला. मला मात्र अंघोळ घालताना कळत होतं. पायांवर घेतली की ती सैल पडायची नाही, ताठ व्हायची. मान मागे, पाय कात्रीसारखे एकमेकांवर. एवढ्याशा अंगात मोठ्या माणसाचा जोर यायचा आणि मी तिला धरून ठेवायची. बाई दारात उभ्या राहून बघायच्या आणि आत जायच्या. 

कोर्स

शेवटी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिला टेबलावर ठेवलं, कानाशी टाळी वाजवली, तळव्यावरून किल्ली ओढली, शिकाऊ डॉक्टरांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मग आमच्याकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाले, "जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. जेवढी इजा व्हायची तेवढी होऊन गेली. हा वाढत जाणारा आजार नाही. पण बरा होणाराही नाही."

यांनी खिशातून पेन काढलं. "किती दिवसांचा कोर्स आहे, डॉक्टर?"

 "आयुष्यभराचा," ते म्हणाले.

यांचं पेन हातातच राहिलं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर हे म्हणाले, "वाढणारा नाही म्हणाले ना?" मी हो म्हटलं. घरी पोहोचेपर्यंत यांनी ते मला तीन-चारदा विचारलं आणि मी दर वेळी हो म्हटलं. माझ्या कानात मात्र दुसरंच वाक्य होतं.

महिन्यातून एकदा व्यायामासाठी मुंबईला आणा, बाकी रोज घरी करा, असं ठरलं. आमच्याकडे जुनी अँबॅसिडर होती. पहाटे निघायचं, घाट उतरायचा, दवाखान्यात नंबर लावायचा, बाकावर बसायचं. मोठ्या खोलीत सतरंज्या अंथरलेल्या, आणि प्रत्येक सतरंजीवर एक आई आणि एक मूल. पहिल्या दिवशी त्या खोलीच्या दारातून मी परत फिरले होते. पुढे तीच खोली बरी वाटायला लागली, कारण तिथे कोणी मंजूकडे वळून बघत नव्हतं. तिथली आयाबाई न मागता पेजेसाठी गरम पाणी आणून द्यायची. त्या दिवसांत एवढ्यानेही मला रडू यायचं.

मांडी

मूल गाडीत कुठे बसतं? आईच्या मांडीवर. हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता.

एकदा परतताना कसारा घाटात पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक लावला. यांनीही लावला. धक्क्याने मंजू ताठ झाली आणि माझ्या दोन्ही हातांतून निसटून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली, तिथून खाली पायांत. कपाळ फुटलं. रक्त थांबवायला मी माझा पदर दाबून धरला होता आणि पुढच्या सीटवरून बाई, "पोर मोकळी तर हाय ना, मोकळी हाय ना," असं पुटपुटत होत्या. त्या असं का विचारतात, ते मला तेव्हा समजलं नाही.

पुढच्या फेरीला दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी टाके पाहिले. या व्यायामाच्या बाई कडक होत्या, चष्म्यावरून बघायच्या.

"मांडीवर होती?"

"हो. आईच्या मांडीएवढी सुरक्षित जागा कोणती?" मी जरा ठसक्यातच म्हटलं.

"घरात मांडी. गाडीत नाही. गाडी थांबते तेव्हा मूल थांबत नाही. आणि गाडी जोरात आपटली तर तुमचंच वजन तिच्यावर येईल. तिला तिची जागा करा, आणि तिथे बांधा."

बांधा. हा शब्द घेऊन मी घरी आले.

खुर्च्या

आपल्याकडे अशी खुर्ची दुकानात मिळत नव्हती, आणि लहान मुलासाठी गाडीत वेगळी खुर्ची असते हेच कोणाला माहीत नव्हतं. मी नाशिकहून वेताची छोटी खुर्ची आणली, स्कूटरवर मुलांना बसवतात तशी. दिसायला फार गोड. मंजू तिच्यात बसली आणि पाचच मिनिटांत घसरून हनुवटीपर्यंत आत गेली, पाय एकमेकांवर चढले आणि ती कण्हायला लागली. वेत मांड्यांना ओरबाडत होता ते वेगळंच.

मग यांनी डोकं चालवलं. द्राक्षं कशी पाठवतात, खोक्यात कागदाची कात्रणं घालून, एकही मणी हलणार नाही अशी. यांनी एक मजबूत खोकं घेतलं, पाठीचा भाग उंच केला, चारही बाजूंनी कापसाच्या उशा ठासल्या आणि मंजूला आत बसवलं. ती खरंच हलत नव्हती. यांचा चेहरा खुलला होता. खोकं मागच्या सीटवर ठेवून आम्ही मुंबईला गेलो, आणि व्यायामाच्या बाई गाडीपाशी येऊन बघून म्हणाल्या, "पोर खोक्याला घट्ट आहे. खोकं गाडीला कुठे घट्ट आहे?" त्यांनी एका हाताने ते ढकललं. मंजूसकट खोकं सीटवरून सरकलं. हे मान खाली घालून हसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

दवाखान्याच्या आवारात एक छोटा कारखाना होता, तिथे कुबड्या आणि बूट बनत. तिथे व्यायामाच्या बाईंनी दोन खुर्च्या दाखवल्या. एक मऊ, गादीची, पाठ मागे कललेली, अगदी आरामखुर्ची. दुसरी लाकडाची, ताठ, दोन मांड्यांच्या मधे एक ठोकळा, पायांखाली फळी. मला पहिली आवडली. मंजूलाही आवडली, ती तिच्यात हसली.

"तुम्हाला काय आवडतं ते बघू नका," व्यायामाच्या बाई म्हणाल्या. "तिला काय आवडतं तेही आज बघू नका. ती ताठ होईल तेव्हा कोण धरतं ते बघा." त्यांनी मुद्दाम जोरात टाळी वाजवली. मऊ खुर्चीत मंजूची कमान झाली आणि ती खाली घसरत गेली. लाकडी खुर्चीत पुन्हा टाळी वाजवली. ठोकळ्यामुळे पाय फाकलेले राहिले, गुडघे वाकलेले, तळवे फळीवर, आणि ताठ होण्याचा झटका अर्ध्यावरच विरला. ती चिडून रडली, पण बसलेली राहिली. आयुष्यात पहिल्यांदा माझी मुलगी कोणीही न धरता बसली होती. मी कारखान्याच्या दारात उभी राहून तिच्याकडे बघत राहिले.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सांगते. आधी कंबर बघा, ती मागे टेकून राहते का. मग पाय, ते लोंबकळता कामा नयेत. मान सगळ्यात शेवटी, कारण कंबर बसली की मान बरीचशी आपोआप येते. पट्टा पोटावरून नको, खाली मांड्यांच्या सांध्यावरून आणि दोन्ही खांद्यांवरून. आणि खुर्ची गाडीच्या लोखंडाला बोल्टने आवळा, सीटच्या कापडाला नाही. दिसायला ती सुंदर होणार नाही. आमची तर बेढब होती.

पट्टे यांनी देवळालीच्या जुन्या बाजारातून आणले. लष्कराच्या सामानातले, खाकी, जाड, पितळी बकलांचे. ते कधी तुटणार नाहीत असं विकणाऱ्याने सांगितलं होतं.

बाई

खुर्ची घरी आली त्या दिवशी ओसरीवर ठेवली होती. बाईंनी लांबून पाहिली. मग आतून जुनी चादर आणून तिच्यावर टाकली. "रिकामा पाळना हलवत नसत्यात, आन् रिकामी खुर्ची उघडी ठेवत नसत्यात," त्या म्हणाल्या. चादरीखालून खाकी पट्ट्याचं एक टोक लोंबत होतं. ते त्यांनी पायाने आत सारलं.

मी मंजूला बसवून दाखवलं. पहिलं बकल लावलं आणि बाई भिंतीला टेकल्या.

"जित्या पोरीला आवळायचं?"

"पडू नये म्हणून, बाई."

"बांधून कोनाला नेत्यात, ठाव हाय ना तुला?"

मग यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. सासरे नाशिकच्या दवाखान्यात वारले, हे मला माहीत होतं. त्यांना कसं आणलं ते माहीत नव्हतं. कांद्याच्या ट्रकमधून आणलं होतं, हौद्यात घसरू नयेत म्हणून बाजेला दोराने बांधून. बाईंना घरी कोणी काही कळवलंच नव्हतं. जेवण घेऊन नाशिकला जायला त्या निघाल्या होत्या आणि गावाच्या शिवेवर, शेंदूर लावलेल्या दगडापाशी, गाडीची वाट बघत उभ्या होत्या. ट्रक त्यांच्यासमोरून गावात शिरला. बांधलेला माणूस आधी दिसला आणि तो कोण ते नंतर.

हे ऐकून मी मंजूचं बकल सोडलं. आणि बाई वाईट नव्हत्या. मंजूच्या घशाखाली पेज उतरवणं हे त्यांनाच जमायचं. तिच्या ओठांवर बोट ठेवून, तिच्याशी काहीबाही बोलत त्या तासतास बसायच्या, आणि माझ्या हातून ठसकणारी पोर त्यांच्या हातून वाटीभर खायची. ती सगळ्यात जास्त कोणाला कळत होती, तर त्यांना.

यांनी तोड काढली. व्यापारी माणूस, सौदा मोडू द्यायचा नाही. गावातून निघताना मंजू बाईंच्या मांडीवर, पुढच्या सीटवर. शिवेवरच्या दगडापाशी गाडी थांबवायची, तिला मागे खुर्चीत बांधायचं. येताना पुन्हा दगडापाशी थांबायचं, सोडायचं, आणि मांडीवर घेऊन गावात शिरायचं. "शिवेच्या आत पोर मोकळी. एवढासा तर रस्ता आहे," हे म्हणाले. बाई कबूल झाल्या. मीही झाले.

तसं बरीच वर्षं चाललं. मी बकलं लावायची तेव्हा बाई दुसरीकडे तोंड फिरवायच्या. सोडायची तेव्हा हात पुढे करून तयार असायच्या. मंजू त्यांच्या मांडीवर आली की त्या तिच्या अंगावरून हात फिरवून सगळं जागेवर आहे ना ते बघायच्या. घाटात मला भीती वाटायची, तिथे तर मी डोळे मिटून घ्यायची, पण मंजू मागे पक्की बांधलेली असायची. शिवेच्या आत मला भीती वाटत नव्हती. आपलंच गाव, ओळखीची दुकानं. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, सगळ्या रस्त्यात तेवढाच तुकडा असा होता जिथे तिला कोणीच धरलेलं नव्हतं.

झटका

मंजूला तोवर झटके यायला लागले होते. डोळे वर जायचे, एक बाजू थडथडायची. थांबल्यावर ओल्या कापडासारखी सैल पडायची आणि झोपायची.

त्या दिवशी आम्ही मुंबईहून परतत होतो, उन्हं कलली होती. ओझर सोडलं आणि तिला झटका आला, नेहमीपेक्षा लांबला. मी शेजारी बसून तिचं डोकं एका कुशीला धरलं, लाळ पुसली. थांबला तेव्हा ती खुर्चीतच झोपली, मान उशीला टेकून. 

शीव आली. यांनी सवयीने गाडी थांबवली. बाईंनी हात पुढे केले.

"आन हिकडं."

"आज नको, बाई. झटका येऊन गेलाय. अंगात त्राण नाही तिच्या, मांडीवर राहायची नाही."

"माझ्या मांडीवर ऱ्हायची नाय?"

"कोणाच्याच राहणार नाही."

"शैला, दोन मिनिटांचा रस्ता आहे," हे म्हणाले.

"मग दोन मिनिटं बसू द्या तिला."

मागून एक ट्रक हॉर्न द्यायला लागला. यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि गाडी सोडली. बांधलेली मंजू शिवेच्या आत आली.

बाई पुढच्या सीटवर उलट्या फिरल्या. एक गुडघा सीटवर, पाठ काचेकडे. "सोड तिला. सोड म्हन्ते ना." त्यांनी सीटवरून हात लांब केला आणि बकल चाचपायला लागल्या. मी बकलावर माझा हात ठेवला. त्यांचा हात माझ्या हातावर होता. सुकलेला, गरम हात. त्या रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. इतका घाबरलेला चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. "सोड गं," त्या हळू म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं.

बाजाराच्या गल्लीतून कांद्याची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर बाहेर आला. गाडी काही फार वेगात नव्हती. यांनी ब्रेक दाबला, तरी ट्रॉलीचा कोपरा समोरून लागला. बाईंचा हात माझ्या हातावरून गेला. मी पुढच्या सीटवर तोंड आपटून खाली पडले. काच फुटल्याचा आवाज, मग गाडीच्या टपावर कांदे पडत राहिल्याचा आवाज, आणि मग काही नाही.

मी आधी वर बघितलं. मंजू खुर्चीत होती. पट्टे ताणलेले, मान एकदा पुढे जाऊन परत उशीवर आलेली. तिने डोळे उघडले आणि ती मोठ्याने हसली. मोठा आवाज झाला की ती दचकते आणि मग हसते, तिचं तसंच आहे. पण त्या गाडीत, त्या शांततेत, बाई पुढे वेड्यावाकड्या पडलेल्या असताना ते हसणं ऐकून बाहेर धावून आलेली माणसं दोन पावलं मागे सरली. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

खुर्ची चाळीत

बाईंचा पाठीचा मणका मोडला होता, गळ्याचं हाड मोडलं होतं. नाशिकच्या दवाखान्यात त्या फळीवर उताण्या होत्या, वळायचं नाही, उठायचं नाही. पहिले काही दिवस डॉक्टर आमच्या नजरेला नजर देत नव्हते.

माझी नणंद आली ती दारातूनच बोलली. "बांधलेली आनली ना गावात? आता भोगा." मला वाटलं, हे काहीतरी म्हणतील. हे उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी गाडीतून खुर्ची काढून यांनी ती कांदे साठवायच्या चाळीत नेऊन ठेवली. शेजारच्या बायका मंजूला बघायला यायच्या आणि तिच्यापासून हातभर लांब बसायच्या.

मला पश्चात्ताप झाला का, असं मला पुढे कोणी कोणी विचारलं. झाला नाही. मंजू त्या मांडीवर असती तर बाई आणि काच यांच्या मधे असती, हे मला दिसत होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. भीती माझ्याही अंगात शिरली होती. दुपारी मंजू शांत झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरायची. बाईंना काही झालं तर या घरात मंजूकडे कोणी माणूस म्हणून बघणार नाही, याची मला खात्री होती. आणि मग मलाही तसं वाटायला लागलं तर, ही भीती सगळ्यात वाईट होती.

एक दिवस निरोप आला, बाईंना मंजूला बघायचं आहे. यांनी मित्राची जीप मागून आणली आणि म्हणाले, "मांडीवर घे."

"खुर्चीत येईल. नाहीतर येणार नाही."

"अजून तुझं तेच?"

"अजून तेच."

मी चाळीत गेले. खुर्ची कांद्याच्या सालांनी भरली होती, ती फडक्याने पुसली, उचलून जीपपाशी आणली. तिचं वजन बरंच होतं. हे थोडा वेळ बघत उभे राहिले. मग आत जाऊन पाना घेऊन आले आणि बोल्ट आवळायला बसले.  घरापासून निघताना मी मंजूला बांधलं. शिवेवर जीप थांबली नाही.

दवाखान्यात मी मंजूला बाईंच्या चांगल्या हाताजवळ धरलं. बाईंनी तिच्या गालावरून, मानेवरून हात फिरवला, नेहमीसारखा, सगळं जागेवर आहे ना ते बघत. फ्रॉकची बाही सरकली तेव्हा खांद्यावर पट्ट्याचा त्या दिवशीचा वळ दिसला, आता पिवळा पडत चाललेला. त्यावर त्यांचं बोट बराच वेळ होतं.

"तिला दुसरं काय लागलं?"

"काही नाही. एवढंच."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "पेज खाते का?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, नीट खात नाही म्हणून.

परत

मणका जुळेल, पण पुष्कळ महिने पाठ वाकता कामा नये, घरी न्या आणि फळीवरच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नेताना फळीला छाती, कंबर आणि गुडघ्यांवरून पट्टे बांधायचे. एक धक्का बसला तर पाय जातील. मंजूला घरी शेजारणीपाशी ठेवून आम्ही आमचा द्राक्षांचा टेम्पो घेऊन गेलो. हौद्यात गाद्या घातल्या, त्यावर फळी, फळीवर बाई. पट्टे मीच बांधले, मला सवय होती. बाई वर आभाळाकडे बघत होत्या. मी शेवटचं बकल लावलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

आग्रा रोडने टेम्पो अगदी हळू चालला होता. मी त्यांच्याजवळ बसले होते. ओझर गेलं. जसजशी शीव जवळ आली तसतसा त्यांनी माझ्या मनगटाला घातलेला हात आवळत गेला. शेंदराच्या दगडापाशी टेम्पो थांबला. हे खाली उतरून मागे आले, फळीकडे बघत उभे राहिले. यांचा हात छातीवरच्या पट्ट्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"का थांबला?" बाईंनी विचारलं.

"शीव आली, बाई," मी म्हटलं.

 रस्त्यावरून ट्रक जात होते.

"डाक्टर काय म्हनला? सोडायचं?"

"नाही म्हणाले. घरापर्यंत नाही."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तो मी पुसला. "मग चल," त्या म्हणाल्या.

गावात शिरताना रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर माणसं बसली होती. टेम्पोच्या हौद्यात बांधलेलं माणूस आणि शेजारी खाली मान घालून बसलेली सून त्यांना दिसली. एक म्हातारा उठून उभा राहिला. त्याने टोपी काढली आणि हात जोडले. त्याचं बघून बाकीचे उठले. पुढच्या दुकानातलेही उठले. मी बाईंच्या डोळ्यांवर पदर धरायला गेले, पण त्यांनी पाहिलं होतं. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली. मंजू ताठ होते तसं त्यांचं सगळं अंग पट्ट्यांखाली ताठ झालं, आणि पट्ट्यांनी ते जागेवर धरून ठेवलं.

"टोपी घाल रं," बाई म्हणाल्या. आवाज फाटलेला होता, तरी टपरीपर्यंत गेला. "जित्ती हाय मी."